प्रयोगशाळेची शिस्त

(कात्रप, बदलापूर येथे शिक्षक, शासकीय कर्मचारी व परिसरातील ग्रामपंचायत सदस्य यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



बदलापूर पूर्वेचे कात्रप हे एके काळचे खेडे. आज ते कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीतील दाट वस्तीचा भाग झाले आहे. वस्तीबरोबर दवाखाने आले आणि दवाखान्यांपाठोपाठ रक्त, लघवी व थुंकी तपासणाऱ्या लहान लहान प्रयोगशाळाही आल्या. प्रयोगशाळा म्हटली की शहरातील मोठ्या संस्थाच नजरेसमोर येतात; परंतु ज्या खोलीत क्षयरोग्याचा बेडका काचपट्टीवर पसरला जातो ती खोली, मग ती दहा फुटांची का असेना, प्रयोगशाळाच होय. रोगजंतू खोलीचा आकार पाहून वागत नाहीत.

जैवसुरक्षा म्हणजे रोगजंतू हाताळताना ते हाताळणाऱ्यास, शेजाऱ्यास वा गावास बाधू नयेत यासाठी पाळावयाची शिस्त. ही शिस्त किती क्षुल्लक वाटणाऱ्या कृतीत मोडते, याचा दाखला महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. बदलापूरहून मुंबईकडे जाणारा रेल्वेमार्ग ज्या परळवरून जातो, तेथील जुन्या राजभवनात 1899 साली वाल्डेमार हाफकीन यांची प्लेग प्रयोगशाळा हलविण्यात आली. 1896 मध्ये मुंबईत प्लेग उद्भवल्यावर हाफकीन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधील तोकड्या जागेत लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे परळहून ही लस देशभर जाऊ लागली.

30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी 107 लोकांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस मिळालेले 19 जण धनुर्वाताने मरण पावले. चौकशीत ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला, कारण लस तयार करण्याच्या पद्धतीत बदल करून कार्बोलिक ॲसिडाऐवजी उष्णतेने निर्जंतुकीकरण केले जात होते. हाफकीन यांना पदावरून दूर व्हावे लागले. नंतर साक्षीपुरावा पुन्हा तपासला गेला, तेव्हा निराळीच हकीकत पुढे आली. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच त्याने बूच काढण्यात आले होते. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे सर्वविदित आहे. 1907 मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकीन यांची बाजू मांडली व त्याच वर्षी ते दोषमुक्त झाले. 1925 साली परळच्या संस्थेस त्यांचे नाव मिळाले. त्या मदतनिसास कोणी काय शिकविले होते, हा प्रश्न मात्र त्या वादात फारसा कोणी विचारला नाही. खरे तर प्रथम तोच विचारावयास हवा होता.

1957 साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्याच्या जंगलात माकडे मरू लागली आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने क्यासनूर वनज्वराचा विषाणू शोधून काढला. जंगलात गोचिडीमार्फत पसरणारा हा रोग त्या विषाणूवर काम करणाऱ्यांना प्रयोगशाळेतच जडल्याच्या नोंदी आहेत. हेच केंद्र 1978 पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. अतिघातक विषाणूंसाठी चौथ्या, म्हणजे सर्वोच्च सुरक्षा स्तराची प्रयोगशाळा तेथे 2012 साली उभी राहिली. आत जाणारा संशोधक हवाबंद पोशाख घालतो, बाहेर सोडली जाणारी हवा गाळली जाते आणि कोणतीही वस्तू निर्जंतुक झाल्याविना दाराबाहेर पडत नाही.

कात्रपच्या खोलीस अशा पोशाखाची गरज नाही. तेथील धोका निराळा आणि रोजचा आहे. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावताना बोटास टोचते. रक्ताच्या नळ्या गरगर फिरविणाऱ्या यंत्राचे झाकण घाईने उघडले, तर सूक्ष्म तुषार नाकातोंडात जातात. तोंडाने नळीतून द्रव ओढण्याची जुनी सवय सर्वत्र निषिद्ध मानली जाते; शाळांच्या प्रयोगशाळांतही शिक्षकांनी ती क्षणभर खपवून घेऊ नये. त्याचप्रमाणे रक्तगट दाखविण्याच्या उत्साहात एकच सुई अनेक विद्यार्थ्यांच्या बोटांना लावणे हा तर गुन्हाच समजावा.

2016 च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनी चार रंग ठरवून दिले आहेत. रक्ताने माखलेला कापूस पिवळ्या पिशवीत, प्लॅस्टिकच्या नळ्या लाल पिशवीत, सुया न फुटणाऱ्या पांढऱ्या डब्यात आणि काच निळ्या खुणेच्या खोक्यात. पण पिशव्यांचे रंग पाहून तपासणी अधिकाऱ्याने समाधान मानू नये. रक्ताचे नमुने व जंतूंची वाढ असलेला कचरा प्रयोगशाळेनेच प्रथम निर्जंतुक करावा आणि मगच सामायिक प्रक्रिया केंद्राकडे पाठवावा, हा त्या नियमांतील गाभा आहे. ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालील वाफेचे यंत्र, 121 अंश सेल्सिअसला किती वेळ चालले याची नोंदवही असावी लागते. ती वही मागून पाहिली, तर पुष्कळ गोष्टी आपोआप उघड होतात. प्रक्रिया न केलेला कचरा 48 तासांहून अधिक काळ साठवू नये, असाही दंडक आहे. सलग सुट्ट्या आल्या की गाडी येत नाही आणि पिशव्या जिन्याखाली पडून राहतात, तेव्हा या दंडकाची खरी कसोटी लागते.

ग्रामपंचायत सदस्यांचा संबंध येतो तो घंटागाडीपाशी. हा कचरा घरगुती कचऱ्यात मिसळण्यास मनाई असताना एखादी सुई ओल्या कचऱ्यात आली, तर ती टोचते सफाई कामगारास. ती कोठून आली हे त्याला ठाऊक नसते. कावीळ ब चे विषाणू मात्र वाळलेल्या रक्तातही काही दिवस तग धरतात. मधुमेही रुग्ण घरी वापरतात त्या इन्सुलिनच्या सुयाही याच वाटेने येतात. त्यांसाठी जाड प्लॅस्टिकची बंद बरणी ठेवण्यास सांगणे हे आशा सेविका व शिक्षक सहज करू शकतील. जैववैद्यकीय कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकास धनुर्वात व कावीळ ब यांवरील लस देणे नियमानेच आवश्यक केले आहे. घंटागाडीवरील माणसालाही या लसी मिळाल्या आहेत काय, ही विचारणा येत्या मासिक सभेत करता येईल. उत्तर तोंडी न घेता लस दिल्याच्या तारखांसह घ्यावे.