पऱ्हाटी पेटवण्याआधी



उलंगवाडी झाली की आपण पऱ्हाटी उपटतो. चुलीपुरती घरी नेतो, उरलेली धुऱ्यावर रचतो, नाहीतर वावरातच काडी लावतो. एकरी टनभर लाकूड. त्यातले नत्र आणि गंधक धुराबरोबर जाते, राखेत पालाश राहते. मग जूनमध्ये युरियाच्या रांगेत आपणच उभे. तरी पेटवणारा मूर्ख आहे असे आम्ही म्हणणार नाही. उपटायची मजुरी, वाहायची मजुरी. कापसाच्या भावात यातले काय बसते? काडेपेटीच स्वस्त पडते.

लाकडाचे तुकडे जमिनीला चांगले, असे सांगणारे पुष्कळ आहेत. आम्हीही ऐकले आणि फसलो. पऱ्हाटीचे बोटभर तुकडे केले, वखराने मातीत मिसळले आणि वर ज्वारी पेरली. महिन्याभरात ज्वारी पिवळी. लाकूड कुजवणाऱ्या जिवाणूंना कर्बाच्या २५-३० भागांमागे नत्राचा एक भाग लागतो. पऱ्हाटीत कर्ब याच्या जवळपास दुप्पट. कमी पडलेले नत्र ते मातीतून, म्हणजे पिकाच्या ताटातून उचलतात. ते बुडत नाही, पुढे परत मिळते. पण तोवर ज्वारीचा हंगाम गेलेला असतो. आरागिरणीचा भुसा तर याहून वाईट.

तेच तुकडे मातीवर नुसते अंथरले तर ही ओढाताण वरच्या पातळ थरातच राहते. खालच्या मुळांना झळ लागत नाही. ऊन थेट मातीवर पडत नाही, ओल टिकते, पावसाचा मार तुकड्यांवर बसतो.

पण झाकणार किती? एक एकर दोन इंच झाकायला २०० घनमीटर तुकडे लागतात. एकराच्या पऱ्हाटीचे होतात सात-आठ घनमीटर. म्हणजे झाकला जाणार दीड गुंठा! सगळे वावर झाका म्हणणाऱ्याला विचारा, लाकूड कोण देणार? म्हणून हे काम वांगी-मिरचीच्या परसबागेचे, संत्र्याच्या आळ्याचे. खोडापासून वीतभर लांब ठेवा, नाहीतर खोड कुजते. उधईवर नजर असू द्या. तुकड्यांखाली गिरिपुष्पाचा पाला टाकला तर नत्राचीही सोय होते.

वावरातच द्यायचे असेल तर आधी कुजवा. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि शेणकाला. ओल कायम पाहिजे. काळी भुसभुशीत माती झाल्याशिवाय पिकाला देऊ नका.

धुऱ्यावरच्या ढिगाचेही बोललेच पाहिजे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने काय केले ते सांगायला नको. किडक्या बोंडांत, सरकीत ती सुप्त पडून राहते आणि पुढच्या कपाशीवर येते. फरदड ठेवून आणि ढीग जूनपर्यंत रचून आपणच तिला पोसतो. तुकडे करायचे तर वेचणी संपताच, बोंडांसकट.

मागच्या बैठकीत एका बाईंनी विचारले, मग चुलीत काय घालू? प्रश्न खरा आहे. सिलिंडर भरायला पैसे नाहीत त्या घरात आधी चूल, मग माती.

यंत्र एकट्याला परवडत नाही. ट्रॅक्टरवरचे भाड्याने आणले तर पाच-सहा घरांत खर्च वाटता येतो. फरदड न ठेवणारी गावे आधी घेऊ. कोणाच्या गावची उलंगवाडी कधी, ते चहाच्या वेळी लिहून द्या.