ऑक्टोबरचा झाडू, मे महिन्याचे पाणी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे निघालेल्या गाडीत खिडकीशी बसलात, तर मुकुंदवाडी आणि चिकलठाणा मागे पडल्यावर करमाड येते. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत गावाचे नाव. गाडी थांबणारी असेल तर मिनिटभर थांबते, नसेल तर पाटी वाचून व्हायच्या आत स्टेशन मागे जाते. 30 डिसेंबर 2023 रोजी जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली, 2025 मध्ये ती नांदेडपर्यंत गेली. तिच्यातल्या प्रवाशाला करमाड दिसते ते पापणी लवेपर्यंत. आज मला बोलायचे आहे ते अशा पापणी लवण्याएवढ्या स्टेशनांविषयी. ही स्टेशने कोणाची? त्यांची निगा कोणी राखायची?

'रेल्वेची' असे उत्तर कोणीही देईल आणि ते चूक नाही. पण आपल्या मराठवाड्याचा या मार्गाशी असलेला संबंध नुसता तिकिटापुरता नाही. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा हा मार्ग निजामाच्या राजवटीत, 1900 च्या सुमारास झाला. तो मीटरगेज होता. मनमाडला उतरायचे, बोचकी डोक्यावर घ्यायची आणि दुसऱ्या गाडीत चढायचे, हे आपल्या दोन-तीन पिढ्यांनी केले. रुंदीकरणाची मागणी मराठवाडा जनता विकास परिषदेने गोविंदभाई श्रॉफ यांच्या नेतृत्वाखाली लावून धरली, लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे नव्वदच्या दशकात मोठी गाडी आली. म्हणजे ही रेल्वे आपण मागून, भांडून घेतलेली आहे. जी वस्तू भांडून घेतली ती सांभाळायची वेळ आली की मात्र आपण म्हणतो, ते सरकारचे काम!

मोठ्या स्टेशनांची चिंता करणारे पुष्कळ आहेत. 6 ऑगस्ट 2023 रोजी अमृत भारत योजनेत देशातल्या 508 स्टेशनांच्या पुनर्विकासाची पायाभरणी झाली. अशा योजनांचा ओढा साहजिकच मोठ्या स्टेशनांकडे असतो. छोट्या स्टेशनावर माणसे मोजकी. स्टेशनमास्तर आणि पॉइंट्समन यांचे पहिले काम गाड्या सुखरूप जाऊ देणे हे. त्यांनी झाडांना पाणीही घालावे, ही अपेक्षा जरा जास्तच आहे. तेथे गावाने हात लावला तरच काही होते.

आणि असे हात लागलेले आहेत. 2016 च्या ऑक्टोबरात मुंबईत 'हमारा स्टेशन, हमारी शान' नावाची मोहीम झाली. गांधी जयंतीला सुरू होऊन आठवडाभर चाललेल्या या मोहिमेत हजारो स्वयंसेवकांनी उपनगरी मार्गावरची 36 स्टेशने रंगवली. कॉलेजची मुले, नोकरदार, गृहिणी हातात ब्रश घेऊन जिन्यांवर आणि भिंतींवर राबल्या-राबले. पुढच्याच वर्षी, 2017 च्या गांधी जयंतीला, बिहारमधल्या मधुबनी स्टेशनवर तिथल्या चित्रकारांनी श्रमदानाने भिंती रंगवायला घेतल्या. त्यांत बायका पुष्कळ. घराच्या भिंतीवर लग्नकार्यात काढायची चित्रे त्यांनी स्टेशनच्या भिंतीवर काढली. 2018 मध्ये रेल्वेने स्टेशन सुशोभनाची देशव्यापी स्पर्धा घेतली. त्यात मधुबनीला दुसऱ्या क्रमांकात स्थान मिळाले. पहिला क्रमांक आपल्या विदर्भातल्या चंद्रपूर आणि बल्लारशाह स्टेशनांना मिळाला. ताडोबाचे वाघ तिथल्या भिंतींवर आले होते.

या सगळ्यांत एक गोष्ट माझ्या लक्षात येते. मोहिमा बहुधा 2 ऑक्टोबरला सुरू होतात. दिवस चांगला आहे, हवा चांगली आहे, पाऊस नुकताच संपलेला आहे, सगळीकडे हिरवे आहे. झाडू हाती घेतलेल्या पाहुण्यांचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी छापून येते. पण स्टेशन हे वर्षाचे बाराही महिने स्टेशन असते. ऑक्टोबरात दिलेल्या रंगावर डिसेंबरात पानाची पिंक पडते. जानेवारीत कोणी जाहिरात चिकटवते. आणि कौतुकाने लावलेली रोपे मार्चमध्ये माना टाकतात, एप्रिलमध्ये बकऱ्यांच्या पोटात जातात.

गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हाती घेत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. खराटा आधी, शब्द नंतर. 2000-01 साली त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले तेव्हा आपल्या कितीतरी गावांनी गल्ल्या लख्ख केल्या. ज्या गावांनी बक्षीस मिळाल्यावरही खराटा खाली ठेवला नाही, त्यांचीच नावे आज आपण घेतो.

सातत्य कशाला म्हणतात याचे एक उदाहरण इंग्लंडमधले आहे. तिथे सेटल ते कार्लाइल असा डोंगराळ मुलखातला एक रेल्वेमार्ग आहे. त्यावरची बरीच लहान स्टेशने 1970 मध्ये बंद झाली आणि पुढे सगळा मार्गच बंद करण्याचे घाटत होते. 1981 मध्ये लोकांनी या मार्गाच्या मित्रांची एक संस्था काढली. बंदविरोधात 22 हजारांहून अधिक हरकती नोंदवल्या गेल्या. त्यांत एका कुत्र्याच्या पंजाचा ठसाही होता. त्याचेही तिकीट काढले जात असल्यामुळे तो रीतसर प्रवासी ठरला! 1986 मध्ये आठ लहान स्टेशने पुन्हा उघडली आणि 11 एप्रिल 1989 रोजी सरकारने मार्ग बंद न करण्याचा निर्णय जाहीर केला. गोष्ट इथे संपली असती तर ती आंदोलनाची गोष्ट झाली असती. पण मार्ग वाचल्यावरही या मित्रांनी स्टेशनांवरच्या फुलांच्या वाफ्यांची आणि रंगरंगोटीची कामे सोडली नाहीत. ज्या स्टेशनला माणसे आहेत ते स्टेशन कागदावर सहजासहजी खोडता येत नाही, हे त्यांना कळले होते. आपल्याकडेही मार्च 2020 मध्ये प्रवासी गाड्या थांबल्या आणि पुन्हा सुरू झाल्या तेव्हा देशातल्या अनेक लहान स्टेशनांचे जुने थांबे परत आले नाहीत. झाडांना पाणी घातल्याने थांबा मिळतो असे मी म्हणत नाही. पण रोज स्टेशनवर जाणारे गाव थांबा मागते तेव्हा त्या मागणीला वजन येते.

मग करमाडसारख्या गावाने काय करावे? पहिली गोष्ट, परवानगी. स्टेशनमास्तरांना भेटून, त्यांच्यामार्फत रेल्वेच्या विभागीय कार्यालयाला अर्ज देऊन काम सुरू करावे. दुसरी गोष्ट, मर्यादा. रुळांकडे जायचे नाही. वर विजेच्या तारा आहेत, त्यांत 25 हजार व्होल्ट असतात, म्हणून लांब बांबू, शिडी, लोखंडी गज घेऊन तिथे वावरायचे नाही. फलाटाच्या कडेची पिवळी पट्टी, अंध प्रवाशांसाठीच्या उठावाच्या फरश्या आणि सूचनांचे फलक यांवर रंग चढवायचा नाही. सिग्नल झाकेल असे झाड लावायचे नाही. तिसरी गोष्ट, आपली जमीन ओळखणे. लातूरला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची गाडी आली होती, हे आपण विसरलेलो नाही. जिथे पाणीच रेल्वेने आणावे लागले, त्या मुलखात हिरवळीचे गालिचे शोभत नाहीत. इथे कडुनिंब, करंज शोभतात. कण्हेरीला गुरे तोंड लावत नाहीत. बोगनवेल कमी पाण्यावर फुलते. सदाफुलीचे तर नावच पुरे.

आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पाळी लावावी. बावन्न घरे आणि बावन्न आठवडे, एवढे साधे गणित आहे. एका घराला वर्षातून एकच आठवडा येतो. त्या आठवड्यात झाडांना पाणी, बाकावरची धूळ, माठ भरलेला आहे का, एवढेच पाहायचे.

माठ म्हटल्यावर मला राहवत नाही. आमच्याकडे मोहरममध्ये सबील लावतात, तुमच्याकडे चैत्रात पाणपोई घालतात. पाणी पिणारा दोन्हीकडे एकच, वाटसरू. आपल्या शहरातली पाणचक्की ज्या दर्ग्याशी जोडलेली आहे, त्या अवलियाचे नावच बाबा शाह मुसाफिर. दूरच्या झऱ्याचे पाणी नहरीने आणून त्यावर जाते फिरवायचे आणि फकिरांना, वाटसरूंना पुरेल इतके धान्य दळायचे, अशी ती व्यवस्था होती. सुंदर तर ती आहेच, पण ती कोणाच्या तरी भुकेसाठी बांधलेली होती. स्टेशनच्या सौंदर्याचेही तसेच आहे. प्रवाशाला सावली, पाणी, दिवा आणि बसायला जागा मिळाली की अर्धे सुशोभन झाले. भिंतीवरचे चित्र हे उरलेले अर्धे.

श्रोतेहो, करमाडचे नाव साऱ्या देशाने एकदाच ऐकले. 8 मे 2020 च्या पहाटे. टाळेबंदी होती. मध्य प्रदेशातले मजूर, जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे, घरी जाण्यासाठी गाडी मिळेल या आशेने रुळांवरून पायी निघाले होते. रात्रभर चालून बदनापूर आणि करमाडच्या दरम्यान, सटाणा शिवारात ते थकून रुळांवरच विसावले. गाड्या बंद आहेत, हे त्यांना माहीत होते. मालगाड्या चालू होत्या. त्या पहाटे सोळा जण गेले. रुळांवर पडलेल्या त्यांच्या पोळ्यांचे छायाचित्र आपण सगळ्यांनी पाहिले.

त्या रात्री फलाटावर कडुनिंब असते म्हणून ते वाचले असते, असे मी म्हणणार नाही. त्यांच्या मरणाची कारणे फार मोठी होती, गावाच्या आवाक्याबाहेरची होती. पण ज्या गावाचे नाव सोळा मुसाफिरांच्या मृत्यूशी जोडले गेले, त्या गावाने आपले स्टेशन मुसाफिरांसाठी जपावे, यात मला औचित्य वाटते. त्यांच्यासाठी दगडी स्मारक नको. परवानगी घेऊन स्टेशनबाहेरच्या मोकळ्या जागेत सोळा कडुनिंब लावावेत. त्यांवर नावांच्या पाट्या नकोत, उद्घाटनाची फीतही नको. लावायचे ते पावसाच्या तोंडावर, जूनमध्ये.

आणि हिशेब मात्र 2 ऑक्टोबरला करू नये. तेव्हा सगळेच हिरवे असते. हिशेब करावा दर वर्षी 8 मे रोजी. ऐन उन्हाळा, विहिरी तळाला गेलेल्या, दुपारी फलाटाची फरशी पोळते आहे. त्या दिवशी सोळांपैकी किती झाडे जिवंत आहेत, ती मोजावीत. जितकी असतील तितके आठवडे कोणीतरी पाणी घातलेले असेल. जी नसतील, ती पुन्हा जूनमध्ये लावावीत.