हळदीची परीक्षा

शहापूर-मुरबाडकडे शेतात विळा लागला, की आधी जखमेवर हळद चेपतात, मग दवाखाना गाठतात. खोकल्याला हळद-दूध आहेच. ‘पिढ्यानपिढ्या खातोय, कुणाला काय झालं?’ असं आपण म्हणतो. पण पेशीतल्या गुणसूत्राला इजा झाली तर ती डोळ्यांना दिसत नाही, आणि कधीकधी पुढच्या पिढीतही उतरते. तिथे आजीचा अनुभव पुरा पडत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतली अशी तपासणी १९८० मध्ये प्रसिद्ध झाली. उंदरांना खाद्यातून हळद आणि तिच्यातलं कुर्क्युमिन दिलं. मग त्यांच्या हाडांतल्या मगजाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्या. गुणसूत्र तुटलं, तर त्याचा तुकडा पेशीत इवल्याशा केंद्रकासारखा मागे राहतो. असे तुकडे मोजत बसायचं. काम मोठं चिकाटीचं! हळद खाणाऱ्या उंदरांत ते वाढलेले आढळले नाहीत. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेतल्या, १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जिवाणूंवरच्या चाचणीतही कुर्क्युमिन निर्दोष ठरलं. मिरचीतलं कॅप्सायसिन मात्र त्याच चाचणीत अडकलं.

पण हा दाखला जेवणातल्या शुद्ध हळदीचा. घट्ट अर्काच्या गोळ्यांना तो लागू नाही. त्यांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अलीकडे परदेशांत झाल्या आहेत. आणि पिवळेपणासाठी फासलेल्या लेड क्रोमेटला तर नाहीच; त्यातलं क्रोमियम गुणसूत्रांना खरोखर घातक. तेव्हा बाजारात हळकुंड फार चकाकताना दिसलं, तर सरळ पुढच्या दुकानात जावं.