"गोळ्या घेता ना?"

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला 'संगणक आणि आरोग्य' असा विषय दिला आहे. तो मी जरा आवळून घेते. मी डॉक्टर नाही, इंजिनिअर आहे. पण आपल्या ग्रुपवर आता कुणाच्या वडिलांची अँजिओप्लास्टी, तर कुणाची स्वतःचीच, असं सुरू झालंय. म्हणून एकाच प्रश्नाबद्दल बोलते : "गोळ्या वेळेवर घेता ना?" डॉक्टर विचारतात, आपण फोनवर विचारतो, आणि उत्तर येतं, "हो."

आमच्या कामात पहिला धडा असा की वापरणारा सांगतो ते ऐकायचं, पण लॉगही उघडून बघायचा. औषधांचाही लॉग ठेवता येतो. बाटलीच्या झाकणात चिप बसवतात आणि झाकण कधी उघडलं याची नोंद होते. त्यातून दिसलं की तोंडी उत्तर झाकणापेक्षा बरंच उदार असतं. शिवाय तपासणीची तारीख जवळ आली की झाकणं नेमाने उघडतात, मग पुन्हा ढिलाई. (झाकण उघडलं म्हणजे गोळी पोटात गेली असं नाही, हेही खरंच.) मोबाइलवरच्या आठवण करून देणाऱ्या अ‍ॅपचं तर विचारूच नका. 'घेतली' दाबलं की आवाज थांबतो, म्हणून लोक आवाज थांबवायलाच ते दाबतात.

२०१३ साली 'अंपायर' नावाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. भारत आणि युरोपातले दोन हजार लोक, हृदयविकार असलेले किंवा त्याचा मोठा धोका असलेले. निम्म्यांना अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन आणि रक्तदाबाची दोन औषधं एकाच गोळीत दिली, बाकीच्यांचं नेहमीसारखं चालू ठेवलं. शेवटी एका गोळीवाल्यांपैकी ८६ टक्के लोक औषधं घेतो म्हणाले, इतरांपैकी ६५ टक्के. फरक केवढा मोठा! पण वरच्या रक्तदाबात सरासरी फरक पडला जेमतेम २.६ अंकांचा. याला इतरही कारणं आहेत, पण 'घेतो' म्हणजे आठवड्यातले निदान चार दिवस, एवढीच तिथली व्याख्या होती, हे वाचून मी थांबलेच.

बाई वर्गात विचारायच्या, "गृहपाठ केला का?" सगळा वर्ग "हो" म्हणायचा. त्या "हो"वर बाईंचा काडीचाही विश्वास नव्हता. पण जो उभा राहून "नाही केला" म्हणायचा, तो कधी खोटं बोलला? औषधांचं तसंच आहे. "राहते कधीकधी" म्हणणारा माणूस बहुतेक वेळा खरं सांगत असतो. चूक जवळजवळ एकाच दिशेला होते. आणि आपण नेमकं त्या खरं सांगणाऱ्यालाच रागावतो. पुढच्या वेळी तोही "हो" म्हणतो.

या खोट्या "हो"ची किंमत मोठी असते. रक्तदाब उतरत नाही म्हणून डॉक्टर डोस वाढवतात. मग माणूस दुसऱ्याच कारणाने अ‍ॅडमिट होतो, कागदावरच्या सगळ्या गोळ्या घड्याळाप्रमाणे मिळतात आणि रक्तदाब धाडकन खाली येतो. स्टेंट घातल्यावर रक्त पातळ ठेवणारी गोळी मध्येच सोडली, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. बीटा ब्लॉकर एकदम बंद केली तर छातीतलं दुखणं उलटून येऊ शकतं. "विसरलो" आणि "मी बंद केली", हे दोन्ही डॉक्टरांना कळायला हवं.

म्हणून आता मी "घेता ना?" विचारतच नाही. "या आठवड्यात किती राहिल्या?" असं विचारते, म्हणजे राहतातच हे गृहीत धरून. व्हिडिओ कॉलवर स्ट्रिप दाखवायला सांगते. मेडिकलवाल्याच्या बिलाची तारीख बघते. तीस दिवसांच्या गोळ्या पन्नास दिवस पुरल्या, तर हिशेब समोरच असतो.

माझ्या सासूबाईंनी अशाच प्रश्नाला सांगितलं की लग्नाला किंवा एसटीने गावी जायचं असेल, त्या दिवशी त्या लघवीची गोळी घेतच नाहीत. वाटेत कुठे जायचं? महिन्यात असे सात-आठ दिवस निघाले. आम्ही डॉक्टरांना तसंच सांगितलं. ते म्हणाले, "मग त्या दिवशी घरी परतल्यावर, चारच्या सुमाराला घ्या ना." हा पर्याय आहे हे सासूबाईंना कुणी सांगितलंच नव्हतं.