एन्रॉनचा जमाखर्च



हिशेबाच्या वह्यांसारखा रुक्ष विषय ऐकावयास वसंतातल्या रम्य सायंकाळी कोण येणार, अशी शंका मला होती. आपण आलात, याचे श्रेय विषयापेक्षा एन्रॉन या नावाला अधिक असावे. ते नाव महाराष्ट्राला परके नाही. गुहागर तालुक्यातील दाभोळ वीज प्रकल्प, १९९२ पासून त्यावर उठलेले वादळ, १९९५ साली रद्द झालेला व पुढे पुन्हा जुळलेला करार, मे १९९९ मध्ये सुरू झालेली व दोनच वर्षांत थांबलेली वीज, हे सारे आपणांस ठाऊक आहे. पण आपल्याकडचा वाद होता विजेच्या दराचा. त्या वेळी तिकडे अमेरिकेत, टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहरात, कंपनीच्या मुख्य कचेरीतील वह्यांत काय लिहिले जात होते, याची आपणांस फारशी वार्ता नव्हती. दाभोळने एन्रॉनला बुडविले, असे आजही पुष्कळांना वाटते. दाभोळात तिचा पैसा अडकला हे खरे. पण ती बुडाली ती आपल्या वह्यांत.

ही कंपनी १९८५ साली दोन गॅस कंपन्यांच्या मीलनातून निघाली. नळांतून इंधनवायू वाहून न्यावा आणि त्याचे भाडे घ्यावे, असा साधा धंदा. केनेथ ले हे तिचे प्रमुख. १९९० साली जेफ्री स्किलिंग नावाचे अत्यंत हुशार गृहस्थ तेथे आले. गॅस वाहून नेण्यापेक्षा गॅसच्या सौद्यांचा व्यापार करावा, ही त्यांची कल्पना. कल्पना वाईट नव्हती. पण तिच्याबरोबर त्यांनी हिशेबाची एक निराळी रीत आणली आणि १९९२ साली सरकारी नियामकांकडून तिला संमतीही मिळविली.

ती रीत समजून घेऊ. सांगलीचा एखादा हळदीचा व्यापारी दरवर्षी ठरावीक माल पुरविण्याचा वीस वर्षांचा करार करतो असे समजा. आपली जुनी पद्धत अशी की, ज्या वर्षी माल जाईल त्या वर्षीचा नफा त्या वर्षीच्या वहीत. नवी रीत म्हणते, वीस वर्षांत मिळेल असे वाटणाऱ्या नफ्याची आजची किंमत काढा आणि सारी आजच जमेस धरा. ज्या मालाचा भाव रोज बाजारात फुटतो, तेथे या रीतीला काही अर्थ आहे. पण वीस वर्षांनंतरचा भाव कोणता बाजार सांगणार? तो सांगणार करार करणारा अधिकारी, आणि त्याचे बक्षीस त्या आकड्यावर अवलंबून! आपल्याकडे 'बाजारात तुरी' म्हणून ज्याला हसतात, त्याला ह्यूस्टनमध्ये ताळेबंदात मानाचे स्थान मिळाले.

एकच उदाहरण देतो. जुलै २००० मध्ये एन्रॉनने चित्रफिती भाड्याने देणाऱ्या ब्लॉकबस्टर कंपनीशी वीस वर्षांचा करार केला. तारांवरून घरोघर चित्रपट पोहोचवावयाचे होते. थोड्याशा घरांत प्रयोग झाला. मार्च २००१ मध्ये करार मोडलाही. मधल्या काळात एन्रॉनने या व्यवहारापोटी ११ कोटी डॉलरांचा नफा जमेस धरला होता. हाती जवळजवळ काहीच आले नव्हते.

यात आणखी एक मेख आहे. भविष्यातला नफा आज लिहिला की उद्यासाठी काही उरत नाही. मग पुढल्या वर्षी वाढ दाखवावयाची तर याहून मोठे करार हवेत. परदेशी प्रकल्प आणणाऱ्यांनाही करार पक्का होताच बक्षीस मिळे. पुढे प्रकल्प चालो वा न चालो. दाभोळकडे पाहताना ही गोष्ट ध्यानी ठेवण्याजोगी आहे.

उत्पन्नाचा आकडा फुगविण्याची युक्ती तर आपल्या मार्केट यार्डातल्या कोणाही अडत्याला पटकन कळेल. लाखाचा गूळ विकून दिला तर त्याचे उत्पन्न म्हणजे त्याची अडत, गुळाचा लाख नव्हे. एन्रॉन पुष्कळ सौद्यांत सारा लाख आपलाच म्हणून लिही. १९९६ साली १,३३० कोटी डॉलर असलेले उत्पन्न २००० साली १०,००० कोटींच्या पलीकडे गेले आणि कंपनी अमेरिकेतील सातव्या क्रमांकाची ठरली! 'फॉर्च्यून' पाक्षिक सलग सहा वर्षे तिला सर्वांत कल्पक कंपनी म्हणत होते. त्या विशेषणात, पाहा, काही असत्य नव्हते.

पण रोकड येत नाही, तर कंपनी चालावयाची कशी? कर्ज काढून. आणि कर्ज वहीत दिसले तर पत जाते. म्हणून ते दिसू नये, यासाठी बाहेर शेकडो भागीदारी संस्था उभारल्या. नियम असा होता की, अशा संस्थेत बाहेरच्याचे निदान शेकडा तीन भांडवल खरोखरीच जोखमीत असेल आणि ताबा त्याचा असेल, तर तिचे कर्ज मूळ कंपनीच्या ताळेबंदात दाखवावयाची गरज नाही. काही ठिकाणी तो शेकडा तीनचा वाटाही पुरता नव्हता. यांतील काही संस्था चालवीत होते अँड्र्यू फास्टो, म्हणजे एन्रॉनचेच अर्थप्रमुख! विकणारा तोच, घेणाराही तोच. या उद्योगातून त्यांना निदान ३ कोटी डॉलर मिळाल्याचे पुढे चौकशीत निघाले.

या संस्थांपैकी काहींनी एन्रॉनच्या गुंतवणुकींतील तोटा भरून देण्याची हमी घेतली होती. हमीला आधार कशाचा? मुख्यतः एन्रॉनच्याच शेअरांचा. घराचा आगीचा विमा उतरवावा आणि विमेवाल्याची तिजोरी त्याच घराच्या माजघरात असावी, तसा हा प्रकार. शेअर चढत होता तोवर सर्व सुरळीत. ऑगस्ट २००० मध्ये तो ९० डॉलरांवर होता. पुढे उतरू लागला, तशी तिजोरीही जळू लागली.

कोणालाच काही दिसले नाही, असे मात्र नाही. मार्च २००१ मध्ये बेथनी मॅक्लीन या तरुण बाईंनी 'फॉर्च्यून'मध्येच लिहिले की, ही कंपनी पैसा नेमका कसा मिळविते ते कोणी सांगू शकत नाही. एप्रिलमध्ये एका गुंतवणूकदाराने नफ्याबरोबर ताळेबंदही का देत नाही, असे विचारले, तेव्हा स्किलिंगसाहेबांनी सर्वांच्या कानांवर पडेल असा अपशब्द त्याला वापरला. ताळेबंद मागितल्याचा इतका राग! ऑगस्टमध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि त्याच महिन्यात शेरन वॉटकिन्स या कंपनीतल्याच बाईंनी ले यांना पत्र लिहून हिशेबातल्या भानगडींची स्पष्ट सूचना दिली.

ले यांनी काय केले? २६ सप्टेंबर रोजी त्यांनी नोकरवर्गाला सांगितले की, आपला शेअर सध्या फार स्वस्त आहे. त्याच वर्षी ते स्वतः आपले शेअर कंपनीला परत विकीत होते. नोकरांच्या निवृत्तीच्या फंडातील निम्म्याहून अधिक रक्कम एन्रॉनच्याच शेअरांत होती. कंपनीने आपल्या वाट्यापोटी दिलेले शेअर पन्नाशी गाठल्याखेरीज विकता येत नसत. १६ ऑक्टोबर रोजी तिमाहीत ६१ कोटी ८० लक्ष डॉलरांचा तोटा जाहीर झाला. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, फंडाची व्यवस्था दुसऱ्याकडे सोपवावयाची म्हणून, काही दिवस सर्वांचेच व्यवहार बंद! २८ नोव्हेंबरला शेअर एका डॉलरच्या खाली. दिवाळे जाहीर झाले तेव्हा वहीत मालमत्ता होती ६,३४० कोटी डॉलरांची. दुसऱ्या दिवशी ह्यूस्टनच्या सुमारे ४,००० लोकांची नोकरी गेली. त्याआधीच्या काही दिवसांत निवडक पाचशे लोकांना साडेपाच कोटी डॉलर वाटून झाले होते. पोर्टलंड येथील वीज कंपनी एन्रॉनने १९९७ साली घेतली होती. खांबांवर चढून आयुष्य काढलेल्या तेथील तारवाल्यांच्या साठवणीचे काय झाले असेल, ते मी निराळे सांगावयास नको.

न्यायालयाचे थोडक्यात सांगतो. फास्टोना सहा वर्षे. स्किलिंगना २००६ साली चोवीस वर्षे. पुढे ती चौदा झाली आणि २०१९ साली ते सुटले. ले दोषी ठरले, पण शिक्षा सुनावण्यापूर्वीच जुलै २००६ मध्ये वारले आणि कायद्याप्रमाणे त्यांची दोषसिद्धी रद्द झाली.

मला अधिक बोलावयाचे आहे ते हिशेब तपासनिसांविषयी. आर्थर अँडरसन ही जगातली नामांकित पेढी पहिल्यापासून एन्रॉनचे हिशेब तपाशीत होती. २००० साली तिला तपासणीचे अडीच कोटी डॉलर मिळाले आणि सल्लामसलतीचे त्याहून अधिक, २ कोटी ७० लक्ष. ज्या घरी पाहुणचार झडतो, त्या घराची झडती कोण घेईल? संकट दिसू लागताच तिच्या ह्यूस्टनच्या कचेरीत कागदपत्रे फाडण्याची यंत्रे चालू लागली. २००२ साली ती दोषी ठरली. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो निकाल फिरविला, पण तोवर पेढीच उरली नव्हती. जगभर तिचे सुमारे ८५,००० नोकर होते, आणि त्यांतील बहुतेकांनी एन्रॉनची वही कधी पाहिलीही नसेल.

अमेरिकेने २००२ साली कडक कायदा केला. हिशेबांवर प्रमुखांनी स्वतः सही करून जबाबदारी घ्यावी, तपासनिसाने त्याच कंपनीला बहुतेक सल्ले विकू नयेत. आपल्याकडे ७ जानेवारी २००९ रोजी हैदराबादच्या सत्यम कंपनीच्या प्रमुखांनी पत्र लिहून कबुली दिली की, वहीतली ५,०४० कोटी रुपयांची शिल्लक मुळी नाहीच! त्यानंतर २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअरबाजारातील कंपन्यांच्या तपासनीस पेढ्या दहा वर्षांनी बदलण्याचे बंधन घातले. हे चांगलेच झाले. परंतु तपासनिसाची फी आजही तीच कंपनी देते, जिचे हिशेब तो तपासतो. ही गाठ कोणत्याच देशाला अद्याप नीटशी सुटलेली नाही. या सभेत सनदी लेखापाल मंडळी बसलेली मला दिसत आहेत. माझे हे म्हणणे त्यांना मान्य नसेल, तर त्यांनी आता प्रश्नोत्तरांत अवश्य उठावे.