सीमाभागातले जंगल आणि मांजरेचा गाळ

(भाषणाचा मजकूर, वाचकांसाठी थोडा नीट करून)



सीमाप्रश्नावरचे भाषण म्हटले की पुढे काय येणार हे ऐकणाऱ्यांना आधीच ठाऊक असते. १९५६ चा अन्याय, महाजन आयोग, ८६५ गावे आणि शेवटी घोषणा. ते सारे खरे आहे आणि मीही ते अनेक सभांतून बोललो आहे. या वेळी मात्र मी जंगलावर बोललो. सभेतले एक वडीलधारे गृहस्थ मध्येच म्हणाले, "अहो, बीदर-गुलबर्ग्यात जंगल आहेच कुठे?" प्रश्न अगदी बरोबर आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

गोव्याच्या वाचकाला हा मुलूख अगदीच परका नाही. आपल्याकडे जुन्या घरात पायाखाली जी शहाबादी फरशी असते, ती गुलबर्गा जिल्ह्यातल्या शहाबादची. (या जिल्ह्याला २०१४ पासून सरकारी कागदात कलबुर्गी म्हणतात.) तुमच्या वरणातली तूरही बहुधा तिकडचीच; कलबुर्गीच्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आणि ज्या जांभ्याचे चिरे तुम्ही घराला लावता, तोच जांभा बीदरच्या पठारावर पसरलेला आहे. फरक पावसाचा. गोव्यात जांभ्यावर रान माजते, तिकडे त्याच जांभ्यावर गवत, तरवड, सीताफळ आणि खुरटा पळस. भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या ज्या तालुक्यांतल्या गावांसाठी आपण भांडतो, तिथे मैलोगणती काळी जमीन आहे आणि झाड दिसते ते बांधावरचे बाभूळ नाहीतर कडुनिंब. दोन्ही जिल्ह्यांत वनाच्छादन शेकडा एकआकडीच. त्यातले सलग म्हणावे असे जंगल म्हणजे चिंचोळीकडचे. सुमारे १३५ चौरस किलोमीटरचा तो टापू २०११ साली अभयारण्य झाला. तिथे साग आहे, रक्तचंदन आहे. पण चिंचोळी आपल्या मागणीतला तालुका नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. जंगलाची गोष्ट मागणीच्या यादीबरहुकूम सांगता येत नाही.

राष्ट्राच्या विकासासाठी वनांचे नियोजन हे शब्द आपण पंचवार्षिक योजनांपासून ऐकत आलो. १९५२ च्या राष्ट्रीय वननीतीने सांगितले की देशाची एक तृतीयांश जमीन वनाखाली हवी. डोंगराळ भागात शेकडा साठ, सपाटीवर शेकडा वीस. १९७६ साली राष्ट्रीय कृषी आयोगाने जंगलातून उत्पादन वाढवा, कारखान्यांना माल पुरवा, असा आग्रह धरला. १९८८ ची नीती नेमकी उलट्या तोंडाने बोलली: आधी निसर्गाचा तोल, मग पैसा. या तिन्ही मापांनी बीदर नापासच. वीस टक्के तर स्वप्नातही नाहीत, आणि कारखान्याला देण्याजोगे लाकूडही नाही. मग वरच्या कचेरीत बसलेला माणूस म्हणतो, इथे नियोजन करण्यासारखे आहे तरी काय?

आहे. आणि त्याचा हिशेब लाकडाच्या घनफुटात नाही. तो धरणाच्या गाळात आहे.

मांजरा नदी बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावते. लातूरवरून बीदर जिल्ह्यात शिरते, तिथे कारंजा तिला मिळते, मग ती तेलंगणात जाते आणि तिथे उत्तरेला वळून पुन्हा महाराष्ट्राच्या हद्दीला लागत गोदावरीला मिळते. निजामसागर १९३१ साली पुरा झाला. तेव्हा त्यात सुमारे ३० टीएमसी पाणी मावत होते. चाळीस वर्षांत ती क्षमता निम्म्याहून खाली आली आणि १९७० च्या दशकात धरणाची उंची वाढवण्याची पाळी आली. गाळ कुठून आला? वरच्या उघड्या माळांवरून आणि उताराच्या शेतांवरून. आपल्या बीड, लातूर, बीदरची माती निझामाने बांधलेल्या धरणाच्या पोटात जाऊन बसली. ती माती वर राहिली असती तर भालकीच्या शेतकऱ्याला पीक मिळाले असते आणि खालच्या निजामाबादच्या भाताला पाणी. राष्ट्रीय उत्पन्न म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

दुसरी गोष्ट ताजी आहे. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून रेल्वेच्या टाक्यांतून पिण्याचे पाणी! त्या वेळी वर्तमानपत्रांतून ऊस, टँकर आणि पुढारी यांवर भरपूर लिहून आले, आणि ते लिहायलाच हवे होते. पाणलोटातल्या उघड्या जमिनीबद्दल फारच थोड्यांनी लिहिले. बीदरकरांना जांभ्याचे महत्त्व बहमनी काळात समजले होते. नौबादची करेज म्हणजे जमिनीखालून खोदलेला पाण्याचा बोगदा. जांभा पाणी पितो, खालचा काळा पाषाण ते अडवतो, आणि मधल्या सांध्यातून ते वाहत येते. पठारावरची माती आणि गवत शाबूत असेल तरच जांभ्याला प्यायला पाणी मिळणार. पाचशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांना जे कळले ते आपल्या आराखड्यांत अजून उतरायचे आहे.

गोव्यात हे पटवायला फार बोलावे लागत नाही. म्हादई उगम पावते ती खानापूर तालुक्यात, आणि तिथले रान तुटले तर आपल्या डोळ्यांत पाणी येते. लवादाने २०१८ साली पाण्याची वाटणी करून दिली. रानाची राखण कोणाच्या वाट्याला, हे मात्र अशा वाटणीत ठरत नसते. मांजरेच्या खोऱ्यात तीन राज्ये आहेत. प्रत्येकाच्या वनखात्याची दहा वर्षांची कार्य आयोजना असते, आणि प्रत्येकीचा नकाशा राज्याच्या हद्दीपाशी संपतो. त्या रेघेपलीकडे कागद कोरा. १९५६ पर्यंत उदगीर, अहमदपूर, निलंगा ही बीदर जिल्ह्याचीच अंगे होती. ती रेघ भाषेच्या नावाने ओढली, तरी भाषेला तिचा उपयोग झाला नाही आणि नदीला तर नाहीच नाही.

जाता जाता माळरानाबद्दल. 'ओसाड', 'पडीक' असे शब्द आपणच वापरतो आणि मग वनखातेही तसेच समजून माळावर खड्डे खणून निलगिरी नाहीतर ग्लिरिसिडिया लावते. बीदरच्या माळावर काळवीट चरतात. शेजारी सोलापूरला नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ साली गवतासाठीच तर राखले. देवणी जनावर, ज्याला आपण लातूर-बीदरची शान म्हणतो, तेही याच गवतावर वाढले. माळावर आधी गवत येऊ द्यावे, झाड नाल्याकाठी लावावे. वृक्षारोपणाचा फोटो चांगला येत नाही म्हणून ही साधी गोष्ट मागे पडते, असा माझा समज आहे.

आता एक अवघड जागा. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामात, १९४७ साली, निझामाचे अबकारी उत्पन्न बुडवण्यासाठी आमच्या वडीलधाऱ्यांनी शिंदीची झाडे तोडली. लोकांनी रात्री-अपरात्री कुऱ्हाडी घेतल्या, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. पण १७ सप्टेंबर १९४८ नंतर लावायची झाडे कोणती, यावर मोहीम निघाल्याचे आमच्या भागात कोणी सांगत नाही. परक्या राज्याचे म्हणून जे तोडले, ते आपले राज्य आल्यावर आपले वाटायला वेळ लागतो. चूल मात्र कोणासाठी थांबत नाही. आजही खेड्यातली बाई तुराट्या जाळते म्हणून तरी उरलेसुरले रान वाचले आहे. तुरीचे भाव पडून लोक दुसऱ्या पिकाकडे वळले, तर चुलीत काय जाणार, याचा विचार वनखात्याने केला पाहिजे, कृषिखात्याने नव्हे.

आणि आता ज्या माणसांवाचून राखण होणार नाही त्यांच्याकडे येऊ. चिंचोळीच्या रानात आणि कडेने लंबाणी तांडे आहेत. लंबाणी म्हणजे आपण ज्यांना बंजारा म्हणतो तेच. हा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो, कर्नाटकात अनुसूचित जातींत, आणि पलीकडे तेलंगणात अनुसूचित जमातींत. एकाच गोतातले तीन भाऊ तीन राज्यांत राहिले तर सरकारदरबारी तिघे तीन प्रकारचे. २००६ च्या वनहक्क कायद्यात याला मोठा अर्थ आहे. अनुसूचित जमातीच्या माणसाने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवला की त्याचा दावा उभा राहतो. इतरांना त्या तारखेआधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, रानावर राहिल्याचे सिद्ध करावे लागते. ७५ वर्षे मागे गेलो की १९३० साल येते, निझामाचे राज्य येते, उर्दू दफ्तर येते. म्हणजे चिंचोळीच्या तांड्यातल्या माणसाने उर्दू कागद शोधायचा, अर्ज कानडीत करायचा, आणि घरात तो बोलतो लंबाणी. वृद्धांची साक्ष चालते असे नियम सांगतात, पण तीही कोणीतरी लिहून घ्यावी लागते. डोंगरापलीकडच्या त्याच्या मेहुण्याला एवढी यातायात नाही. अशा माणसाला तुम्ही रानाचा राखणदार करू पाहता आणि त्याच वेळी त्याला अतिक्रमण करणारा ठरवता.

भालकी-औरादच्या मराठी गावांचे दुखणे याच जातीचे, जरा सौम्य. कर्नाटकात १९९३ पासून ग्राम अरण्य समित्यांची योजना आहे. गावाने खात्याबरोबर रान राखायचे आणि उत्पन्नात वाटा घ्यायचा. कल्पना उत्तम. पण ज्या भाषेत करार आहे ती वाचता येत नसेल तर अंगठ्याला आणि सहीला किंमत सारखीच. चराईबंदी कुठल्या गटात, किती वर्षे, गवत कापायचा हक्क कोणाचा, हे कागदावर असते. गुराख्याला ते दंड झाल्यावर कळते. १९५६ च्या केंद्राच्या निवेदनापासून मान्य झालेले तत्त्व असे की जिथे अल्पसंख्य भाषेचे लोक शेकडा पंधरा किंवा अधिक, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात. शाळेसाठी, फलकांसाठी आपण भाषेचा हक्क मागितला. जंगलाच्या कागदासाठी मागितला नाही. ही आपलीच कसूर. आमचे भांडण कानडी शेजाऱ्याशी नाही, त्याचीही माती त्याच नदीने वाहून जाते.

सभेत एका तरुणाने विचारले, "म्हणजे विलीनीकरण झाले की जंगल वाढेल, असेच ना?" मला 'हो' म्हणता आले असते, टाळ्याही पडल्या असत्या. पण भालकीला लागून जो लातूर जिल्हा आहे, त्यात वनाच्छादन शेकडा एकसुद्धा नाही. महाराष्ट्रात सर्वांत कमी. रोजगार हमीचा १९७७ चा कायदा ज्या राज्याने केला, दुष्काळात हजारो हातांनी समतल चर खोदले, त्याच राज्यातला हा जिल्हा. उलट गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून गाव आपला बांबू आपण विकू लागले. दोन्ही महाराष्ट्रातच. तेव्हा राज्य बदलल्याने मराठी कागद मिळेल, ही मोठी गोष्ट आहे, तिच्यासाठी मी जन्मभर भांडेन. तो कागद हातात घेऊन गाव काय करील, ते गावावर.

सर्वोच्च न्यायालयात दावा २००४ साली गेला. तेवढ्या काळात लावलेला कडुनिंब आज सावली देता झाला असता. म्हणून सीमाभागातल्या निवेदनात यंदा आणखी एक मागणी घालावी असे मी सुचवले आहे आणि वाचकांनी तिच्यावर लिहून कळवावे: मांजरा खोऱ्याची वनयोजना तिन्ही राज्यांनी एका नकाशावर करावी, आणि तिचा गोषवारा कानडी, मराठी, तेलुगू व लंबाणीत प्रत्येक ग्रामसभेत वाचून दाखवावा. पेरणीच्या आधी, गुरे माळावर असतानाच.