"काहून वो बाई, अजून काही नाही का?"



आपल्या हेमलकशात मी लग्न होऊन आले त्याला चौदा वर्षे झाली. लेकरू नाही. हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे, कारण तुम्ही सर्वांनीच मला विचारलेलं आहे! हळद असो, नामकरण असो, नळावरची रांग असो, "काहून वो बाई, अजून काही नाही का?"

सुरुवातीला मी सगळं सांगत बसे. औषधं, तारखा, नागपूरच्या चकरा. जितकं सांगावं तितके प्रश्न वाढत. मग खोटं बोलू लागले, "आम्हीच थांबलोय." शेवटी नामकरणाला जाणंच सोडलं. कोणाचं बाळ हातात घेतलं तरी बायका माझ्या तोंडाकडं पाहत.

१९८९ साली डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी आपल्याच गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतील ६५० स्त्रियांची पाहणी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. शंभरातल्या ९२ जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला. त्याआधी तपासून घेतलेल्या फक्त ८. पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, हे बाईला कोणी विचारत नाही. लेकराचं मात्र अख्खा मोहल्ला विचारतो. अशाच अंगावर काढलेल्या जंतुसंसर्गानं, कधी गर्भाशयाच्या क्षयानं, गर्भनलिका बंद होतात.

आणि दोष पुरुषातही असतो. वीर्याची तपासणी तर सर्वांत सोपी. तरी पहिली चार वर्षे सुया मीच टोचून घेतल्या. १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, दवाखाना आपल्या दाराशी आला. पण बायकोसोबत तिथं जायला किती पुरुष तयार असतात?

सावित्रीमाईंनाही मूल नव्हतं. जोतीरावांनी दुसरं लग्न केलं नाही. काशीबाई या विधवेच्या मुलाला, यशवंतला, दोघांनी दत्तक घेतलं. तोच डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात माईंसोबत रोग्यांच्या सेवेला उभा राहिला. माईंच्या जयंतीला हार घालायचा आणि घरी जाताना शेजारणीला वांझ म्हणायचं, हे कसं चालेल?

आता माझं उत्तर लहान झालं आहे. "असलं की सांगीन वहिनी. तुमचं पोट दुखत होतं, दाखवलं का?" दोघी-तिघी तर त्यावरून खरंच दवाखान्यात गेल्या.

मागच्या बुद्धपौर्णिमेला एका आजीनं पंगतीतच विचारलं. मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "आजी, तपासणी माझीही झाली आहे. मला विचारा ना." आजी गप्प झाल्या. थोड्या वेळानं उठल्या आणि यांच्या वाटीत खीर वाढली.